सेंट टेइलोला रंग दिला की चुना लावला?

पावसाळी_कार्डिफ
फोटोंच्या धाग्यावर ‘जुनेच_बरे’ यांनी काल एक काडी टाकली: ‘कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स या खुल्या संग्रहालयातलं सेंट टेइलो चर्च म्हणजे सिनेमाचा सेट. खरं वेल्श चर्च पांढरं, साधं, शांत असतं.’ तिथेच उत्तर दिलं असतं तर फोटोवाल्या ताईंचा धागा वाहून गेला असता, म्हणून हा वेगळा.

साहेब, पांढरं कधीपासून? हे चर्च मूळचं पोंटार्डुलाइसजवळचं, नदीकाठच्या पाणथळ जमिनीवरचं. वापरातून गेलं, ओस पडलं. चुन्याच्या पापुद्र्यांखाली चित्रं सापडली. १९८४-८५ मध्ये दगड न् दगड उतरवून संग्रहालयात आणलं आणि २००७ च्या ऑक्टोबरात उघडलं, ते १५३० च्या सुमारास जसं दिसत असेल तसं. लाल, पिवळा, गेरू. खांद्यावर बाळ घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर. गावातल्या निरक्षर माणसाला हीच पोथी होती. तुमचा पांढरा रंग आला तो नंतर, सहाव्या एडवर्ड राजाच्या काळात मूर्ती-चित्रांवर टाच आली तेव्हा. ज्याला तुम्ही ‘मूळ साधेपणा’ म्हणताय ती सरकारी आज्ञेची सफेदी आहे.

आणि बाहेरून ते आजही पांढरंच आहे. आत गेला होतात ना?

जुनेच_बरे
आत गेलो होतो. दोनदा. म्हणूनच बोलतोय.

अस्सल चित्रं भिंतीवरून सोडवून जपून ठेवलीत. पर्यटक बघतो ती नवी. जिथे धड काही उरलं नव्हतं तिथे दुसऱ्या चर्चमधली चित्रं बघून भर घातली. वेदीपुढचा लाकडी पडदासुद्धा नवा कोरलेला. वेल्श गावांच्या नावांत येणारं ‘लॅन’ म्हणजे आधी कुंपण घातलेली पवित्र जागा, इमारत त्यानंतरची. टेइलोची कबरस्तानाची जागा नदीकाठीच राहिली. देऊळ उचलून नेता येतं हो, क्षेत्र कसं नेणार?

पट्रिशोच्या आडगावातल्या जुन्या चर्चला जा एकदा. मी नोव्हेंबरात गेलो, दोन वेळा रस्ता चुकलो, समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा पाव मैल रिव्हर्स घेतला. पण दार ढकललं आणि समोर साधारण १५०० सालचा ओकचा पडदा. रंग नाही, नुसतं लाकूड. वरच्या पट्टीच्या टोकाला एक ड्रॅगन द्राक्षवेल चावतोय, वेलीचं पान न् पान सुटं कोरलेलं. मागे वळलो तर पश्चिमेच्या भिंतीवर सांगाडा: विळा, वाळूचं घड्याळ, फावडं. बाया म्हणे सांगतात, कितीही सफेदी मारा, तो पुन्हा वर येतो. असा सांगाडा संग्रहालयात येत नाही.

नाकातलं_वेल्श
ते ‘लॅन’ नाही हो. जीभ दातांमागे लावून बाजूने हवा सोडायची. नऊ वर्षं शेजारीण शिकवतेय, अजून माझ्याकडे बघून हसते.

रच्याकने, ‘पांढरं, साधं, शांत’ हे चॅपेलचं, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनाघराचं वर्णन झालं. १८५१ च्या शिरगणतीत वेल्समध्ये प्रार्थनेला गेलेल्यांतले बहुसंख्य चॅपेलमध्येच होते. चर्च आणि चॅपेल एक समजणारे लोक माझ्या डोक्यात जातात.

पावसाळी_कार्डिफ
पट्रिशो सुंदर आहे, वादच नाही. पण ‘कुणी हात न लावलेलं’ असल्यासारखं सांगू नका. १९०८ मध्ये कॅरो नावाच्या वास्तुविशारदाने त्याची दुरुस्ती केली आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात चालतो, आणि विसाव्या-एकविसाव्या शतकातला झाला की सेट?

चुनाखडी
चुन्याला उगाच शिव्या घालताय. लॅनकारवनच्या चर्चमध्ये काय झालं माहीत आहे? २००८ मध्ये छपराचं काम सुरू असताना भिंतीवर एक बारीक लाल रेघ दिसली. तिच्यामागे लागले तर खालून घोड्यावरचा सेंट जॉर्ज, सात महापापं, आणि एका नटव्या तरुणाला ओढून नेणारा मृत्यू. पंधराव्या शतकातलं सगळं. कुणी टिकवलं? ज्यांनी झाकलं त्यांच्याच चुन्याने.

आता माझं दुखणं. इथे वेल्समधल्याच कारमार्थनशरमध्ये जुनं दगडी घर घेतलं. आधीच्या मालकाने एका बिल्डरकडून आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून घेतलेला. पहिल्या हिवाळ्यात कपाटामागे बुरशी, दुसऱ्यात चक्क अळंबी. फोडलं तेव्हा भिंतीतून पाणी ओघळलं. भिंत दोन फुटांची, मध्ये माती-खड्यांचा भराव, खाली ओल अडवणारा थर नाही. अशी भिंत पाणी पिते आणि वाऱ्यावर सोडते. सिमेंटने तिचं तोंड बांधलं. इथल्या कितीतरी चर्चचं हेच झालंय.

निवृत्त_सिव्हिल
सिमेंटला उगाच बदनाम करू नका. छत्तीस वर्षं त्यातच गेली माझी. पुण्यात माझ्या हाताखालच्या एकाही इमारतीला ओल आली नाही. काम वाईट झालं की मालावर खापर.

चुनाखडी
तुमच्या भिंती विटांच्या आणि काँक्रीटच्या, काका. त्यांना पाया आहे. मी मध्ययुगीन दगडाबद्दल बोलतोय.

निवृत्त_सिव्हिल
काका कुणाला म्हणता? आणि दगडात काम मीही केलंय. दोन महिने यूट्यूब बघून लोक गवंडी होतात हल्ली.

चुनाखडी
यूट्यूब नाही, दोन हिवाळे स्वतःच्या हाताने. कळीचा चुना विझवताना मनगटावर भाजलेली खूण आहे, फोटो टाकू?

नाकातलं_वेल्श
चर्च कुठे गेलं?

जुनेच_बरे
चुन्यात गेलं. म्हणजे चुनाखडी यांच्या मते सफेदी चित्रांना तारते. मग माझा पांढरा रंग चांगलाच की. धन्यवाद.

पावसाळी_कार्डिफ
झाकलेलं खरं आणि दाखवलेलं खोटं, असंच ना? घ्या. पण एक मानतो: सेंट टेइलोत उभं राहिलं की कुणाच्या आजोबांचं लग्न इथे लागलं असं वाटत नाही. चित्रं डोळ्यांत भरतात, पण बाकड्यावर बसावंसं वाटत नाही. हे माझ्याविरुद्ध वापरू नका.

जुनेच_बरे
वापरणार.

निवृत्त_सिव्हिल
आमच्या आजोबांच्या वाड्याला घाणीचा चुना होता. गूळ आणि बेलफळ घालत. तो वाडा अजून उभा आहे, हे नाइलाजाने नोंदवतो. याचा अर्थ सिमेंट वाईट असा होत नाही.

चुनाखडी, व्यनि (खासगी निरोप) पाहा. पडवीची भिंत तीन वर्षांपूर्वी मीच सिमेंटने लिंपून घेतली, आता गुडघाभर ओल चढलीये. आधी सगळं फोडायचं की खालूनच सुरुवात करायची?