मदत हवी आहे: एकाच नावाच्या क्लिप्स प्रीमियरमध्ये (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) रीलिंक कशा करू, म्हणजे मूळ फाइल्सशी पुन्हा कशा जोडू?

नागपूरच्या इतवारीतल्या मारबत मिरवणुकीचं (मारबत आणि बडगे हे त्यातले पुतळे) शूटिंग आहे. कॅमेरा एकच, कार्डं तीन, आणि कार्ड बदललं की क्लिप्सची नावं पुन्हा सी०००१पासून सुरू.

जुनी हार्ड डिस्क खरखर करायला लागली म्हणून घाईत सगळं नव्या डिस्कवर एकाच फोल्डरमध्ये टाकलं. विंडोजनं सारख्या नावांपुढे (२), (३) जोडलं. आता प्रीमियर प्रोमध्ये अख्खी टाइमलाइन लाल, ‘मीडिया ऑफलाइन’.

लिंक मीडियातून (प्रीमियरची हरवलेल्या फाइल्स जोडायची विंडो) शोधलं, तर पिवळ्या मारबतीच्या जागी बडग्याची क्लिप येऊन बसते. ड्राइव्हचं अक्षर पूर्वीचंच दिलं, पण जुने फोल्डरच उरले नाहीत. (२)वाल्या क्लिप्स वेगळ्या काढूनही भागत नाही, कारण कार्डांवर क्लिप्स कमी-जास्त होत्या. (२)मध्ये दोन कार्डांचा माल मिसळलाय. जुनी डिस्क आता दिसतच नाही, कार्डं फॉरमॅट झाली. कटिंग पूर्ण आहे, ते पुन्हा करणं खरंच शक्य नाही.

टाइमकोड (क्लिपवर नोंदलेली वेळ) फ्री रनवर होता, रेकॉर्डिंग थांबलं तरी तो पुढे सरकत राहतो, म्हणजे प्रत्येक क्लिपची सुरुवात वेगळी. लिंक मीडियात ‘फाइल नेम’ची खूण काढून फक्त ‘मीडिया स्टार्ट’ची (क्लिपचा सुरुवातीचा टाइमकोड) ठेवली, तर २१४ क्लिप्स आपोआप बरोबर जुळतील का? कुणी स्वतः करून पाहिलंय का?