क्रूझसाठी प्रवास विमा निवडताना मदत हवी आहे
आई-वडिलांना घेऊन 10 दिवसांच्या क्रूझवर जायचे ठरले आहे. वडिलांना मधुमेह असल्यामुळे विम्याचा निर्णय घाईने घ्यायचा नाही. जहाजावरच्या दवाखान्यात पैसे वेगळे मोजावे लागतात आणि प्रकृती गंभीर झाल्यास हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च प्रचंड येतो, म्हणून त्या खर्चाची मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका पॉलिसीत मात्र ‘आधीपासूनचे आजार फक्त जीवघेण्या स्थितीत’ अशी बारीक अक्षरांतली ओळ सापडली आणि मन धास्तावले. अशा अटीत साखर एकाएकी उतरल्यास दावा मान्य होतो का? विमानाला उशीर होऊन जहाज चुकलेच, तर पुढच्या बंदरात ते गाठण्याचा खर्च साध्या प्रवास विम्यात मिळतो, की क्रूझसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते? असा दावा प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा.