मदत हवी आहे: डॅशहंड कुत्र्याची पाठ दुखावली आहे, ऐन उन्हाळ्यात त्याला एका जागी कसं ठेवू? (नागपूर)

नमस्कार. आमचा भुऱ्या पाच वर्षांचा, गुळगुळीत केसांचा डॅशहंड. गेल्या आठवड्यात जिना चढता चढता मधेच थांबला आणि पुढे पाऊलच टाकेना. उचलायला गेले तर एवढ्याने केकाटला की शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. नंतर बराच वेळ पाठीला बाक काढून, मान खाली घालून थरथरत उभा होता.

डॉक्टरांनी मणक्यातल्या चकतीचा त्रास सांगितला. मागचे पाय नीट टाकतोय, शी-शू सुरळीत आहे, म्हणून ऑपरेशन सध्या नाही. औषधं आणि चार ते सहा आठवडे सक्त विश्रांती. या जातीत हा त्रास फार आढळतो. पाय आखूड करणारा जनुकीय बदलच चकत्या लहान वयात कडक करतो, असं डॉक्टर म्हणाले.

औषध पनीरच्या तुकड्यात घालून देते, ते पोटात जातं. अडचण विश्रांतीची आहे. जर्मनीत या कुत्र्यांना बिळात शिरून बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याशी झुंजायला तयार केलं. जमिनीखाली मालक नसताना निर्णय त्यांनीच घ्यायचा. तो हट्ट भुऱ्यात पुरेपूर आहे. बेल वाजली की दिवाणावरून उडी आणि दारापर्यंत धाव, तीही गुळगुळीत टाइल्सवर. आतल्या खोलीत कोंडावं तर ती दुपारी भट्टी होते. कूलर फक्त हॉलमध्ये आहे आणि आम्ही सगळे तिथेच असतो. जाळीच्या पिंजऱ्यात ठेवला की सगळ्यांकडे बघत भुंकतो, मागच्या पायांवर उभा राहायला बघतो. त्या धडपडीनेच पाठीला ताण बसेल अशी भीती वाटते.

त्रिमूर्तीनगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. शू करायला खाली उचलूनच न्यावं लागतं. मी ऑफिसला गेले की घरी सासूबाई, आणि त्यांचे गुडघे दुखतात. वजनही साडेअकरा किलो झालंय, डॉक्टरांनी दोन किलो कमी करायला सांगितलं. पण जेवताना सासूबाई तुपाची पोळी देतात आणि मुलगी बिस्किट. त्यांना नाही म्हणवत नाही. कुणी या जातीचं असं आजारपण काढलंय का? जाळी केवढी घेतलीत?

प्रतिसाद:
ताई, आमचा डॅशहंडही यातूनच गेलाय, तो आता व्यवस्थित फिरतो. जाळी मोठी घेऊ नका. पाय पसरून झोपता येईल, वळता येईल एवढीच, आणि वरून झाकलेली. हॉलमध्येच ठेवा, पण दार दिसणार नाही अशा कोपऱ्यात. दोन बाजूंना चादर टाका, कूलरकडची बाजू उघडी राहू द्या. बेल काही दिवस बंद ठेवून लोकांना फोन करायला सांगा, याने निम्मं भुंकणं थांबतं.

डोकं गुंतवायला वास घेण्याचे खेळ द्या. जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याच्याच जेवणातले दाणे लपवायचे. बसल्या जागी शोधत बसतो आणि दमतोही. पोळीऐवजी काकडीचे तुकडे हातात द्या, सासूबाईंचं मनही राखलं जाईल.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ आडवी सरळ. काखेत धरून कधीच नाही. गळपट्टा काढून छातीचा हार्नेस घाला. खाली सकाळी सहाच्या आत न्या आणि रात्री उशिरा. याचं पोट डांबरापासून वीतभरच वर असतं, तापलेल्या रस्त्याची धग थेट लागते. दुपारी सासूबाईंना उचलायला लावू नका, बाल्कनीत ट्रे ठेवा. आमच्याकडे कुंडीतली माती टाकल्यावर तो तिथे जायला लागला.

आणि माणसांची पेनकिलर अजिबात देऊ नका. मागचा पंजा उलटा पडायला लागला, पाय ओढायला लागला किंवा शू अडली तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी डॉक्टर गाठा.

भुऱ्याची आई:
खूप आभार. ट्रे आजच आणते. दिवाणावरची सवय नंतर कशी मोडलीत, की रॅम्प केलात? केला असेल तर तो घसरू नये म्हणून वर काय लावलंत, तेही सांगा.