छतात मेण भरा, एसी विका?

तापलेला_वऱ्हाडी: शेजारच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलंय की छताखाली पीसीएमची (वितळताना उष्णता शोषून घेणाऱ्या मेणासारख्या पदार्थाची) पॅनेलं लावली की नागपुरातसुद्धा एसी लागत नाही. मेण वितळताना उष्णता पितं, मान्य. पण रात्री ते गोठायला नको? २८ अंशांना वितळणारं मेण घेतलं आणि मे महिन्यात पहाटेही पारा २८च्या खाली उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी छतात नुसतं तेल! हिशेबही घ्या. किलोमागे २०० किलोज्यूल धरा. दहा बाय दहाच्या खोलीला सव्वा सेंटीमीटरचा थर, म्हणजे साधारण १०० किलो मेण. ते पिणार साडेपाच किलोवॉट-तास उष्णता. दीड टनी एसी तेवढी उष्णता पूर्ण जोरात तासाभरात बाहेर फेकतो, वीज दीडेक युनिट. यासाठी सीलिंग फोडू?

खिडकीवाला_पुणेकर: नागपूर म्हणजे जग नव्हे. आमच्याकडे एप्रिलात दुपारी ३८ आणि पहाटे २१-२२. रात्री खिडक्या उघड्या टाकल्या की मेण आपोआप गोठतं. आणि तुमचं दीड युनिट रोजचं आहे, तेही ऐन मागणीच्या वेळचं. ते सोयीस्कर विसरलात.

रसायनातली_मावशी: तुमचं हे मेण म्हणजे पॅराफिन, ते पेटतं, हे कुणीच बोलत नाही. मेणाऐवजी क्षारांची हायड्रेट्स, म्हणजे पाणी धरून ठेवणारे क्षार, वापरली तर ती पेटत नाहीत, पण दूध फाटावं तशी फुटतात. मारिया टेल्केस या शास्त्रज्ञ बाईंनी १९४८ साली अमेरिकेत डोव्हरच्या घरात ग्लॉबर सॉल्ट हे असंच हायड्रेट भरलं होतं, तेही घर उबदार ठेवायला. काही हिवाळ्यांत क्षार तळाशी बसला, पाणी वर. शेवटी भट्टी लावली. पॅनेलवाल्याला विचारा, हजार वेळा वितळून-गोठून टिकेल का? लेखी घ्या.

वरचा_मजला: तुम्ही मेण गोठवत बसा. मी स्वखर्चाने गच्चीला पांढरा चुना मारतो म्हटलं, तर सेक्रेटरी म्हणतात गच्ची सामाईक आहे, वॉटरप्रूफिंगची वॉरंटी जाईल. त्यांचे पापड वाळताना वॉरंटी कुठे जाते? तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं, म्हणजे ऊन परतवणाऱ्या छतांचं, धोरण आणलं. आमच्याकडे चुन्याच्या डब्याला सर्वसाधारण सभा!

माजी_सेक्रेटरी: गच्ची गळली की पहिली बोंब वरच्या मजल्याची. वर्गणी मागितली की हेच फोन उचलत नाहीत. चुना पहिल्या पावसात धुऊन पाइपात बसतो, तो काढायला कोण येतं?

वरचा_मजला: माझ्या वर्गणीच्या पावत्या टाकू का इथे? तुम्ही लोकांनी पत्र्याची शेड ठोकली तेव्हा कुठली सभा घेतली होती?

माजी_सेक्रेटरी: तोंड सांभाळून. तुमची सोसायटी कुठली तेही मला ठाऊक नाही.

वरचा_मजला: सेक्रेटरी सगळीकडे सारखेच.

तापलेला_वऱ्हाडी: अरे, धागा पीसीएमचा आहे! बरं, पुण्या-नाशकाला तुमचं मेण मंजूर, पुणेकरांनी पेढे वाटावेत. नागपुरात ते रात्री एसी लावूनच गोठवावं लागेल, मग वाचवलं काय?

खिडकीवाला_पुणेकर: रात्री बेडरूमचा एसी तसाही चालतोच ना तुमचा?

तापलेला_वऱ्हाडी: कुलर चालतो, साहेब. आणि दमट हवेत तो चालत नाही म्हणून मुंबईकरांनी इथे यायच्या आधीच सांगतो, आम्हाला माहीत आहे.

वरचा_मजला: ते सोडा. गच्चीची किल्ली सभासदाला नाकारता येते का, कुणी सांगेल?