प्रतिसाद: मजुराच्या हाती काय उरते?
गोव्यातल्या बांधकामावरच्या चर्चेत असे म्हटले गेले की खाणी 2012 मध्ये बंद पडल्यावर गोव्याला बांधकामाने हात दिला आणि बांधकामाचा पैसा गावातच फिरतो. या मुद्द्यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा अर्धाच खरा आहे. डिचोलीत घर बांधताना मी हिशेबाची वही ठेवली होती. चिरे, ट्रकचे भाडे आणि सुताराची मजुरी तालुक्यातच राहिली, पण सिमेंट, लोखंड आणि फरशीचा बराचसा पैसा राज्याबाहेर गेला.

चर्चेत न आलेली बाब मजुरांची आहे. 1996 च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर 1 ते 2 टक्के उपकर त्यांच्या कल्याणासाठी ठरवला, परंतु लाभासाठी नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेले हवे. आमच्याकडचा कर्नाटकातून आलेला गवंडी वर्षभर तीन ठेकेदारांकडे राबला होता, तरी एकाचाही दाखला त्याच्याजवळ नव्हता. परांचीवरून पडून त्याचे मनगट मोडले, तेव्हा उपचाराचा खर्च आम्ही आणि त्याच्या सोबत्यांनी वर्गणी काढून भागवला. त्यानंतर घर पूर्ण होईपर्यंत मी दर शनिवारी पगाराबरोबर हजेरीची सही केलेली नक्कल प्रत्येकाच्या हाती देत असे.