सोसायटी ग्रुप, रविवार रात्र: तो स्किनरवाला एपिसोड

सुमेध (बी-२०३): आज पोराबरोबर सिम्प्सन्सचा, म्हणजे त्या अमेरिकन कार्टूनचा, तो बदनाम एपिसोड बघितला, नवव्या सीझनचा दुसरा, सप्टेंबर १९९७ चा. लोक अजून शिव्या का घालतात कळत नाही, मला तर आवडला बुवा

तन्वी (ए-५०१): दादा सिरियसली?? 😭 आठ सीझन ज्याला प्रिन्सिपल स्किनर म्हणून बघितलं तो स्किनरच नाही, आर्मिन तमझेरियन नावाचा कोणीतरी टपोरी आहे असं अचानक सांगायचं आणि वर शेवटी सगळं होतं तसं करून मोकळं व्हायचं

सामंत काकू: कोण आर्मिन? नवीन भाडेकरू का

सुमेध: नाही हो काकू, कार्टूनमधला आहे 😄 व्हिएतनाम युद्धात हा ज्याच्या हाताखाली होता तो सार्जंट स्किनर मेला असं सगळ्यांना वाटतं, हा त्याच्या आईला सांगायला जातो, ती यालाच मुलगा समजते आणि याला खरं बोलवत नाही. मग वीस वर्षं शाळेत प्रिन्सिपल. सत्काराच्या दिवशीच खरा मुलगा हजर

सामंत काकू: आईला कळलं नाही म्हणे! सगळं कळतं. गप्प बसली असणार

सेक्रेटरी: उद्या सकाळी टाकी साफ करणार आहेत, ९ ते १२ पाणी नाही. काही असेल तर मोरेंशी बोला

तन्वी: स्किनरला आवाज देणारा हॅरी शिअरर स्वतः म्हणालाय की हे चुकलं, लोकांनी इतकी वर्षं जीव लावला आणि तुम्ही ते कचऱ्यात टाकलं, अशा अर्थाचं काहीतरी. ज्याने सिम्प्सन्स बनवलं त्या मॅट ग्रेनिंगलाही नाही आवडला. अजून काय पाहिजे

सुमेध: अगं पण लिहिणारा केन कीलर काय म्हणतो बघ ना, गोष्टच अशा गावाची आहे ज्याला सगळं जसंच्या तसं हवंय. खरा स्किनर पाच वर्षं कैदेत काढून, नंतर चीनमध्ये बूट शिवून आलाय बिचारा, आणि गावाला तो नकोच आहे, कारण याची सवय झालीये. मग त्याला खुर्चीला बांधून ट्रेनवर चढवून देतात आणि जज्ज सांगतो की याचंच नाव स्किनर, विषय परत काढलात तर टॉर्चर. म्हणजे चिडलेले फॅन्स आणि ते गाव एकच की

नाईक काका: ट्रेनमध्ये खुर्ची मिळाली ना, मग नशीबवान. मला दादरला चौथी सीट मिळत नाही 🙏

तन्वी: काका 😂😂 पण दादा, प्रेक्षकांना टोमणा मारायचा तर मार ना, त्यासाठी माणूस कशाला मोडायचा? आई आणि स्किनरची ती रोजची किटकिट हीच सगळी मजा होती, ती आईच त्याची नाही म्हटल्यावर मागचे सगळे सीन बघताना डोक्यात तेच येतं. २००४ च्या एका एपिसोडमध्ये सिम्प्सन्सच्या मुलीची, लिसाची मांजरं एकामागून एक मरतात आणि शेवटच्या मांजरीला ती जुनंच नाव देते, तेव्हा स्किनर म्हणतो ही चीटिंग नाही का, आणि ती शांतपणे त्याला प्रिन्सिपल तमझेरियन म्हणते. बस्स. त्या दोन वाक्यांत जमलं ते अख्ख्या एपिसोडमध्ये नाही जमलं

सुमेध: हा जोक भारी आहे, मान्य. पण तो एपिसोड नसता तर हा जोक कुठून आला असता

सामंत काकू: आमच्या सिरियलमध्ये हिरॉइन ॲक्सिडेंटनंतर दुसराच चेहरा घेऊन आली, कोणी विचारलंसुद्धा नाही. एक आठवडा वाईट वाटलं, मग सवय झाली

नाईक काका: कशाला लांब जायचं, आपले मोरे? २००९ मध्ये खरे मोरे गावी गेले म्हणून महिनाभरासाठी त्यांचा मावसभाऊ गेटवर आला, रजिस्टरवर नाव बदलायचं कोणाला सुचलं नाही. खरे मोरे परत आले तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना बाजूच्या बिल्डिंगमध्ये काम बघून दिलं, कारण याला प्रत्येकाची गाडी पाठ झाली होती

तन्वी: थांबा काय??? मग यांचं नाव काय आहे

नाईक काका: तेव्हा माहीत होतं बघ

सुमेध: मी उद्या विचारतो

सामंत काकू: काही विचारू नकोस. पंधरा वर्षांनी त्या माणसाला लाजवायचंय का

सेक्रेटरी: ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय प्लीज. मोरे म्हणाले बी विंगची पांढरी ॲक्टिव्हा परत त्यांच्या खुर्चीसमोर लावलीये

सुमेध: माझीच आहे, आलो