नोहाच्या तारवाची गोष्ट खरंच घडली होती की रूपक म्हणून सांगितली गेली? तुमच्या घरातला अनुभव लिहा

जालना
नाताळात पुतणीनं विचारलं, "काका, तारवात एवढे प्राणी मावले कसे?" तिच्या आजोबांनी ताट बाजूला सारलं. रात्री मी बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, उघडलं. नोहानं पुरातून माणसं-प्राणी वाचवले, ती गोष्ट तिथंच. ६व्या अध्यायात प्रत्येक जातीची एक जोडी, ७व्यात शुद्ध पशूंच्या सात-सात. पूर एका ठिकाणी ४० दिवस, पुढं १५०. इतकी वर्षं वाचतोय, पण ही वचनं शेजारी-शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. माझा विश्वास ढळला नाही, पण वडिलांना काय सांगावं ते अजून सुचत नाही. तुमच्याकडं काय घडलं, ते लिहा. कोणाला हरवायला नको.

छत्रपती संभाजीनगर
मी पाणीपुरवठ्याच्या कामातला माणूस. मलिक अंबरानं १७व्या शतकात बांधलेली नहर लहानपणापासून पाहतोय, म्हणून बायबलातलं २ राजे, अध्याय २० मधलं हिज्कीया राजाचं पाण्याचं काम वाचताना थांबलो. यरुशलेमेत तो बोगदा आजही आहे, सुमारे ५३३ मीटर. १८८० साली आतल्या भिंतीवर कोरलेला लेख सापडला. खोदणारे दोन्ही टोकांनी येत होते, आणि शेवटचे काही हात उरले तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, असं त्यात आहे. खडकात काम केलेल्यालाच त्या हाकेची किंमत कळते. याला रूपक कसं म्हणू? पण यरीहोचं, म्हणजे यहोशवाच्या काळात ज्याचा तट कोसळला असं बायबल सांगतं त्या नगराचं, तसं नाही. तिथं १९५०च्या दशकात कॅथलीन केन्यन यांनी उत्खनन केलं. पडलेला तट यहोशवाच्या काळाच्या बराच आधीचा निघाला. मला दोन्ही मान्य करावं लागतं.

परभणी
संडे स्कूलला शिकवते. अब्राहामाची दासी हागार आणि बायको सारा यांची गोष्ट प्रेषित पौल स्वतःच गलतीकरांच्या पत्रात रूपक म्हणून उलगडतो. मुलांना मी आधी ते दाखवते.

बीड
आमच्या आजीनं ७२च्या दुष्काळात खडी फोडली, सुकडीवर लेकरं जगवली. बायबलातली योसेफाची गोष्ट, ज्यात फारोच्या स्वप्नात दुष्काळाच्या रोड गायी येतात, ती वाचली की आजी म्हणायची, "फारोच्या रोड गायी म्या बघितल्यात बाबा. दावणीला उभ्या होत्या, बरगड्या मोजाव्यात अशा." तिला इतिहास की दृष्टांत, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

औसा तालुका
३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. मी नऊ वर्षांचा होतो. पहाटे चारच्या आत माळवदं आणि दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. आमच्या घरातले दोघं गेले. पुढं एका प्रार्थनासभेत बाहेरून आलेल्या उपदेशकानं सांगितलं, बायबलात देवानं नाश केलेल्या सदोम नगरासारखंच झालं, पापाचा दंड. आई उठून बाहेर गेली. वडील बसून राहिले, मग त्यांनी लूक, अध्याय १३ काढून मोठ्यानं वाचला. शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले, ते काय इतरांपेक्षा जास्त अपराधी होते? येशू स्पष्ट 'नाही' म्हणतो. सदोम इतिहास मानायचा तर माना, पण त्याचं माप आमच्या मेलेल्यांना लावू नका. हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगतो.

जालना
वडिलांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, शिलोह म्हणजे त्या बोगद्याचं पाणी पडतं तेच तळं का?

छत्रपती संभाजीनगर
हो दादा, तेच. गीहोन झऱ्याचं पाणी बोगद्यातून तिथंच येतं. आजही वाहतं.